कोल्डप्ले दुसऱ्यांदा पाहिलं: बीकेसी २०१६ आणि नेरुळ २०२५

कातरवेळ (धागाकर्ती)

मंगळवारी, २१ जानेवारीला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा तिसरा कार्यक्रम बघून आले. आज शनिवार, घसा अजून बसलेलाच आहे. गेली आठ वर्षं या बँडचा विषय निघाला की माझं एक ठरलेलं वाक्य असायचं: "रोषणाई फार, गाणं कमी." ते वाक्य मला आता मागे घ्यायचंय, पण अर्धंच. कुठलं अर्धं, ते नीट मांडता यावं म्हणून हा धागा.

आधी थोडं मागचं. २००० साली 'पॅराशूट्स' आला तेव्हा मी पुण्यात दुसऱ्या वर्षाला होते, हॉस्टेलवर. खोलीतल्या मैत्रिणीकडे वॉकमन होता आणि तिच्या भावाने दिलेली ती कॅसेट. इयरफोनचा एक कान तिला, एक मला. बॅटरी वाचावी म्हणून कॅसेट पेनवर गरागरा फिरवून मागे घ्यायचो. 'यलो' सगळ्यांनाच आवडायचं, पण आम्हा दोघींचं गाणं 'स्पार्क्स'. रात्री दिवे गेल्यावर तेच. दोन वर्षांनी 'अ रश ऑफ ब्लड टू द हेड' आला आणि माझ्या लेखी हा बँड शिखरावर पोचला. 'द सायंटिस्ट', 'क्लॉक्स'. त्या अल्बमबद्दल माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे.

पुढे मी हळूहळू दूर गेले. २००८ च्या 'विवा ला विदा' अल्बमला निर्माता म्हणून ब्रायन ईनो होते, तोवर कान टवकारलेले होते. २०११ च्या 'मायलो झायलोटो'पासून मात्र प्रत्येक गाण्यात कुठेतरी हात वर करून "ओ ओ" करायची जागा आधीच राखून ठेवल्यासारखी वाटायला लागली. त्यात २०१६ च्या जानेवारीत 'हिम फॉर द वीकएंड'चा व्हिडिओ आला. वरळी गावात चित्रीकरण, आणि पडद्यावर साधू, मोर, होळीचे रंग. माझ्या आजोळची माणसं मुंबईतच चाळीत वाढली. त्यांचं रोजचं जगणं त्या व्हिडिओत कुठेच नव्हतं, याचा मला खरंच राग आला होता.

तो राग घेऊनच मी १९ नोव्हेंबर २०१६ ला बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानात गेले. ग्लोबल सिटिझन महोत्सव होता तो, म्हणजे कोल्डप्लेचा स्वतःचा पूर्ण कार्यक्रम नव्हे. नोटाबंदीला अकरा दिवस झाले होते. पर्समध्ये दोन हजारांची एक गुलाबी नोट, जी कुणीच मोडून देत नव्हतं. दुपारपासून उभी होते. भाषणं झाली, सिनेमातले लोक येऊन गेले, पंतप्रधान पडद्यावरून बोलले. बँड आला तोवर पायांत गोळे आले होते. त्यांचा गायक ख्रिस मार्टिन मला अंगठ्याएवढा दिसत होता. कागदाचे तुकडे उडाले, रंग झाले. ए. आर. रहमान आले तेव्हा सगळं मैदान गायलं, आणि घरी येऊन मी सांगितलं की संध्याकाळ रहमाननी वाचवली.

मग यंदा का गेले? मुलासाठी. तो सतरा वर्षांचा आहे. २२ सप्टेंबरला दुपारी बाराला तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा घरातले चार फोन आणि एक लॅपटॉप घेऊन आम्ही बसलो होतो. रांगेतला आकडा लाखांत. काही मिळालं नाही. त्याने काही बोलूनही दाखवलं नाही, नुसता गच्चीत जाऊन बसला. नोव्हेंबरात इन्फिनिटी तिकिटं निघाली, दोन हजारांचं एक, जोडीनेच घ्यायची, आणि जागा कुठली ते कार्यक्रमाच्या दिवशी तिकीट हातात पडेल तेव्हाच कळणार. ती मिळाली.

पुण्याहून बसने आलो, नेरुळला एलपीच्या थांब्यावर उतरलो, चालत गेलो. जागा निघाली मुख्य मंचाच्या अगदी विरुद्ध टोकाला. मुलाचा चेहरा पडला. मला वाटलं, पुन्हा अंगठ्याएवढा.

पहिला दीड तास मी हात बांधून बसले होते, अक्षरशः. 'पॅराडाइज' झालं, 'विवा ला विदा' झालं. परग्रहवासीयांचे मुखवटे चढवून एक गाणं झालं, ते मला आजही आवडलेलं नाही. 'द सायंटिस्ट'ला मात्र हात सुटले.

आणि मग शेवटच्या भागात ते चौघे मैदानाच्या मागच्या बाजूला एका लहानशा चौथऱ्यावर आले. आमच्या कठड्यापासून हाकेच्या अंतरावर. ना आतषबाजी, ना मोठा ड्रमसंच. चौघे एकमेकांना खेटून उभे. ख्रिस मार्टिनचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि सुरू करण्याआधी त्याने मान वळवून गिटारवाल्या जॉनी बकलंडकडे बघितलं, तो तयार आहे का म्हणून. 'स्पार्क्स' सुरू झालं.

त्या गाण्यात चौघांतल्या गाय बेरीमनचं बास गिटार, म्हणजे खालच्या सुरांचं गिटार, पुढे चालतं आणि बाकी सगळं त्यामागून येतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. हॉस्टेलच्या त्या स्वस्त इयरफोनमध्ये बास यायचाच नाही, आणि माझ्या वाट्याला तर एकच कान. पुढे मी ते गाणं फोनवर, गाडीत, स्वयंपाक करताना ऐकलं, पण कानात जुनंच बसलेलं होतं, तेच ऐकत राहिले. पंचवीस वर्षं आवडतं म्हणून सांगत आलेलं गाणं मी परवा पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. शेजारी मुलगा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

तर मागे घेते ते हे: हे चौघे वाजवणारे आहेत. रोषणाईच्या आड गाणं नाही असं मी म्हणायचे. गाणं होतं, मी दुसऱ्या टोकाला उभी होते. जे मागे घेत नाही ते हे: गेल्या दहा-बारा वर्षांतली बरीच नवी गाणी मला अजूनही पातळ वाटतात आणि त्यांचे शब्द तर फारच.

दोन्ही वेळा पाहिलेलं कुणी आहे का इथे? तुमचं काय झालं?

नेरुळचा पारवा

तिकीट नव्हतं. तिन्ही रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून ऐकलं. खालच्या रस्त्यावर पोरं नाचत होती. एक गोष्ट लक्षात आली ती सांगतो. बँडचा आवाज इमारतींवर आपटून घुमत यायचा, शब्द काही कळायचे नाहीत. पण लोक गायला लागले की चाल स्वच्छ ऐकू यायची. 'यलो' मी लोकांच्या आवाजावरून ओळखलं.

ठेकेदार

छान लिहिलंयत, कातरवेळ. मी १८ आणि २१ दोन्ही दिवस होतो. १८ ला ख्रिस मार्टिनने कागद बघत मराठीत बोलायचा प्रयत्न केला तेव्हा आमच्या स्टँडमध्ये जो गलका झाला तो विचारू नका. तबला शिकलोय आणि वीस वर्षं ड्रम वाजवतोय, त्यामुळे मला त्यांच्या ड्रमवाल्या विल चॅम्पियनबद्दल बोलायचंय, कारण त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

'क्लॉक्स'चा तो पियानो घ्या. आठ आघात आहेत, पण चार-चार असे नाही वाटलेले. तीन, तीन, दोन. बोटांनी टेबलावर वाजवून बघा: धा-ति-ट धा-ति-ट धा-ति. शेवटच्या दोनवर पाऊल अडखळल्यासारखं होतं आणि त्यामुळेच ते चक्र पुढे ढकललं जातं. आता या चक्राखाली ड्रमवाल्याने सरळ चार-चार वाजवले तर पियानो मरतो. चॅम्पियन ते चक्र ड्रमवरही उचलून धरतो, आणि तरी समेवर सगळ्यांना एकत्र आणतो. हे गाणं सोपं वाटतं ते त्याच्यामुळे.

'विवा ला विदा'त तो नेहमीचा ड्रमसंच सोडून मोठा नगाऱ्यासारखा टिंपनी आणि घंटा वाजवतो आणि वर गातो. खरं तर हे चौघे 'फिक्स यू'च्या उत्तरार्धात एकत्र गातात तिथे खालचा सूर कान देऊन ऐका. रेकॉर्डवर तो पार्श्वभूमीत आहे, मैदानात तो भिंतीसारखा उभा राहतो.

आणखी एक. सुरुवातीच्या काळात, पहिला अल्बम यायच्याही आधी, या चॅम्पियनला त्यांनी बँडमधून काढून टाकलं होतं. मग चूक उमगली आणि परत बोलावलं. तेव्हापासून मिळकत चौघांत समान वाटायची आणि गाण्याखाली चौघांचीही नावं, असा त्यांचा शिरस्ता आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भेटलेली चार पोरं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं टिकतात त्याचं हे मोठं कारण आहे असं मला वाटतं. आमचे तीन बँड फुटले ते पैशांवरून आणि नावावरूनच.

काळा चहा

लेख मनापासून आहे, आवडला. पण मी असहमत आहे आणि का ते सविस्तर लिहितो.

पन्नास हजार माणसं अंधारात एकत्र काहीही गायली तरी अंगावर काटा येतो. राष्ट्रगीताला येतो, गणपतीच्या आरतीला येतो. त्याचं श्रेय बँडला कसं द्यायचं? माझी कसोटी साधी आहे. रात्री एकट्याने, दार लावून, हेडफोन घालून अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. रेडिओहेड बँडचा 'ओके कंप्युटर' या कसोटीला १९९७ पासून उतरतोय. 'पॅराशूट्स' आणि त्यानंतरचा अल्बम उतरतात, हे मीही मान्य करतो. पुढचे नाही उतरत. आणि हे मी एकटा म्हणत नाही. २००० सालीच ॲलन मॅगी यांनी या बँडची हेटाळणी केली होती, म्हणजे ओएसिस या बँडला उजेडात आणणारा माणूस. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये जॉन पॅरेलिस यांनी त्यांच्याविरुद्ध अख्खा लेख लिहिला. त्यातलं मुख्य म्हणणं मला आजही पटतं: दुःखसुद्धा इतकं घासूनपुसून मांडायचं की कुणालाच टोचू नये.

दुसरं, बाजार. पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं, आणि काळ्या बाजारात त्याचे लाख. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत प्रकरण गेलं. ज्या गाण्यासाठी तुमच्या हॉस्टेलात एक इयरफोन पुरला, त्याच्यासाठी आज पोरं कर्ज काढताहेत. मला हे बघवत नाही.

'स्पार्क्स'बद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं असणार. पण ते गाणं २००० सालचं आहे. म्हणजे तुमच्याच लेखातला सर्वांत मोठा पुरावा माझ्या बाजूचा आहे.

कातरवेळ

@ठेकेदार, तीन-तीन-दोन काल रात्री डायनिंग टेबलावर वाजवून बघितलं. मुलाने पियानोची बाजू तोंडाने केली. बरोबर बसतंय.

@काळा चहा, तुमचा शेवटचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवतेय. गाणं जुनं आहे, हे खरं. पण ते परवा वाजवलं ते पन्नाशीला टेकलेल्या माणसांनी, आणि ते रेकॉर्डसारखं नव्हतं. जरा संथ होतं. आवाज वरच्या सुरांना पूर्वीसारखा सहज जात नाही, तिथे तो जोर न लावता हळू होतो. तेविसाव्या वर्षी गायलेलं गाणं पंचवीस वर्षांनी तसंच ओरबाडून गाणारे मी पाहिलेत. यांनी तसं केलं नाही. याचं श्रेय मी आजच्या त्यांना देते.

तिकिटांबद्दल पूर्ण सहमत. दोन हजारांची तिकिटं नसती तर मी गेलेच नसते.

झीलकऱ्याचा पोर

काळा चहा यांची कसोटी वाचून राहवलं नाही.

माझे वडील सांगली भागात एका शाहिरांच्या फडात झीलकरी होते. तुणतुणं घेऊन डाव्या बाजूला उभे राहायचे. शाहीर ओळ टाकतो, ती अशा जागी सोडतो की पुढचा सूर कुणीतरी उचललाच पाहिजे. झीलकरी तो उचलतात, लांबवतात, जी जी रं जी करतात. तेवढ्यात शाहीर दम घेतो, समोरच्या लोकांकडे बघतो, पुढच्या कडव्याची पट्टी ठरवतो. पोवाडा एकट्याने दार लावून ऐकला तर तो निम्माच असतो. म्हणून पोवाडा हलका ठरतो का?

मी २०१६ ला नव्हतो, यंदा १९ तारखेला होतो. पूर्ण वेळ मी हेच बघत होतो की हा माणूस ओळ कुठे सोडतो. 'विवा ला विदा'त शब्द नसलेला तो "ओ"चा भाग, त्याची पट्टी बघा. बाईमाणूस, पोर, म्हातारा, कुणालाही झेपेल अशी. सात-आठ सुरांच्या आत सगळं, लांब स्वर, श्वास घ्यायला जागा. 'फिक्स यू'त अर्धं गाणं ऑर्गनवर, एकट्याच्या हळू आवाजात, लोक गप्प. मग बकलंडचं गिटार उघडतं आणि झील सुटते. 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' मधेच थांबवून सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगतात, मग पुन्हा सुरू करतात. झीलकऱ्याचे दोन्ही हात मोकळे हवेत, एवढंच त्यामागे आहे.

वडील म्हणायचे, झील धरता येते कुणालाही, झील मागता आली पाहिजे. राष्ट्रगीताला काटा येतो तो गाण्यामागच्या अर्थामुळे. इथे लोकांना त्या गाण्याशी बांधणारं काहीच नव्हतं, ना देव, ना देश, ना भाषा. नुसत्या चालीच्या बांधणीवर पन्नास हजारांकडून झील काढून घेणं हे कसब नाही, असं मला कुणी सांगू नये.

थेम्सकाठची

लंडनहून लिहितेय. इथे पंधरा वर्षं राहून एक कळलं की या देशात कोल्डप्ले आवडतं म्हणणं ही बराच काळ थोडी लाजेची गोष्ट होती. ऑफिसात संगीताचा विषय निघाला की लोक दुसरी नावं घेत. आणि त्याच लोकांना सगळी गाणी पाठ असत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये त्यांच्या सहा रात्री झाल्या, मी दुसऱ्या रात्रीला होते. माझ्या डावीकडे साठीतले एक गृहस्थ, मुलीबरोबर आलेले, पूर्ण वेळ घडी घातलेला रेनकोट मांडीवर. 'फिक्स यू'ला ते रडले आणि नंतर मुलीला म्हणाले की धूर डोळ्यांत गेला. धूर नव्हता.

काळा चहा यांना एक सांगावंसं वाटतं. २०१९ मध्ये 'एव्हरीडे लाइफ' आला तेव्हा त्यांनी दौराच केला नाही. पर्यावरणाची हानी कमी कशी करायची ते कळेपर्यंत फिरणार नाही, असं जाहीर केलं, आणि तो अल्बम जॉर्डनमध्ये अम्मानच्या प्राचीन किल्ल्यावरून थेट प्रक्षेपित केला. त्या अल्बमात अरबी आहे, गॉस्पेल आहे, टोचणारंही आहे. तो दार लावून ऐका. तुमच्या कसोटीला उतरतो की नाही ते मला इथे सांगा.

फोटोन

कार्यक्रमात लोकांच्या हातावर पेटणाऱ्या मनगटी पट्ट्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. लोकांना वाटतं ते ब्लूटूथवर चालतात. नाही. २०१२ च्या दौऱ्यात जे पट्टे होते ते रेडिओ लहरींवर होते. आताचे अवरक्त प्रकाशावर, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखे. मैदानाच्या कडेला उंचावर फिरते दिवे असतात, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ते लोकांवर फिरवतात. तो झोत ज्याच्यावरून जाईल त्याचा पट्टा पेटतो. म्हणून रंगांच्या लाटा दिसतात, चेंडू एका स्टँडमधून दुसऱ्यात गेल्यासारखं दिसतं. हात खाली ठेवला, बाही वर आली, तर पट्टा पेटत नाही. वनस्पतीजन्य प्लॅस्टिकचे असतात, निघताना परत द्यायचे, धुऊन पुढच्या शहरात वापरतात.

फास्टर फेणेचा मित्र

'पॅराशूट्स'ची सीडी मी काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून घेतली होती. ते दुकान २०१६ मध्येच बंद झालं, तुम्ही बीकेसीला गेलात त्याच वर्षी. बाकी काही म्हणायचं नाही, सीडी शोधायला उठतोय.

साबरमती रिटर्न

काल रात्री अहमदाबादहून आलो. २६ जानेवारीचा कार्यक्रम, नरेंद्र मोदी स्टेडियम, लाखाच्या वर माणसं. वंदे मातरम् गायला, 'माँ तुझे सलाम' गायला, बुमराह मैदानात होता.

सगळे इथे भारावून लिहिताहेत, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही नोंदवावा असं वाटतं. माझी जागा सर्वांत वरच्या मजल्यावर होती. तिथून मंच काडेपेटीसारखा दिसत होता. आवाज अर्धा क्षण उशिरा येत होता, त्यामुळे टाळ्या कशावर वाजवायच्या तेच कळेना. खालचे लोक एका तालात, वरचे दुसऱ्या. कातरवेळ, तुमच्या २०१६ च्या परिच्छेदातला शब्द न् शब्द मला लागू होतो. लहान चौथऱ्यावर आले तेव्हा मी त्यांना पडद्यावरच बघितलं. माझा धाकटा भाऊ त्याच वेळी घरी टीव्हीवर थेट प्रक्षेपण बघत होता, त्याला बकलंडची बोटं दिसली. मला नाही.

म्हणून मला वाटतं, तुमचं मत बदललं त्यात तुमच्या जागेचा वाटा फार मोठा आहे. ती दोन तिकिटं त्या लहान चौथऱ्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला निघाली असती तर?

ठेकेदार

@साबरमती रिटर्न, आवाजाचं तुम्ही बरोबर पकडलंत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दीडशे-दोनशे मीटर लांब बसलं की मंचावरचा आघात कानाला अर्ध्या सेकंदाने पोचतो. 'क्लॉक्स'च्या चालीला तो जवळजवळ एक मात्रा होतो. मधे मधे वेळ जुळवलेले भोंगे टांगतात ते त्यासाठीच, पण सर्वांत वरच्या कोपऱ्यात सगळ्यांचेच आवाज एकमेकांत मिसळतात. तुमच्या झीलकऱ्यांना शाहीरच ऐकू येत नव्हता.

कातरवेळ

@साबरमती रिटर्न, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर मला आवडत नसलं तरी देते. हो. ती तिकिटं दुसऱ्या टोकाला निघाली असती तर कदाचित हा धागा निघालाच नसता. मी घरी येऊन जुनंच वाक्य बोलले असते, आणि ते वाक्य तेव्हाही चुकीचंच असतं.

@झीलकऱ्याचा पोर, तुमच्या वडिलांचं वाक्य लिहून ठेवलंय. २०१६ ला मी झील धरायलाच तयार नव्हते. व्हिडिओचा राग होता, पाय दुखत होते. व्हिडिओबद्दलचा राग अजून आहे. तो राग आणि ही आवड दोन्ही राहतील.

काळा चहा

थेम्सकाठची यांच्या सांगण्यावरून 'एव्हरीडे लाइफ' काल पूर्ण ऐकला. दार लावून. पहिला अर्धा भाग चांगला आहे, मी तो आधी नीट ऐकला नव्हता हे मान्य. दुसऱ्या भागाबद्दल वेगळं लिहीन. मग 'स्पार्क्स' लावलं आणि फक्त बेरीमनवर लक्ष ठेवलं. कातरवेळ, बासबद्दल तुमचं बरोबर आहे. मीही तो असा कधी ऐकला नव्हता, आणि माझ्याकडे तर दोन्ही कान होते.

बाजाराबद्दलचं मत कायम.

कातरवेळ

आज सकाळी हॉस्टेलच्या त्या मैत्रिणीला फोन केला. ती आता कॅनडात असते. चार वर्षांनी बोललो. मी 'स्पार्क्स' म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "डावा कान नेहमी तू घ्यायचीस." मला आठवतच नव्हतं.

कॅसेट तिच्याकडे आहे, अजून. मार्चमध्ये येतेय तेव्हा घेऊन येईल. तिचा तो वॉकमन मात्र माझ्याकडे राहिला होता, माळ्यावर सापडला. बॅटरी घातली तर मोटर फिरते, पण चाक फिरत नाही. आतला रबरी पट्टा चिकट होऊन तुटलाय. पुण्यात कुणी दुरुस्त करून देणारं आहे का?

फोटोन

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारा. नवा पट्टा मिळायला हवा, पण जुना फेकू नका, तुकडे जोडून लांबी मोजून न्या. आणि दुरुस्त झाल्यावर आधी दुसरी एखादी कॅसेट लावून बघा. ती नको.